पत्र्याच्या युकुलेलेला पट्टा: आधी लाकूड शोधा, मग स्क्रू

लाकडी युकुलेले छातीशी धरलं की आपसूक तिथंच राहतं. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग कडेवर टेकवला, डाव्या हातानं मान सावरली, झालं. वजन जेमतेम चार-पाचशे ग्रॅम. धातूच्या अंगाचं युकुलेले हातात आलं की हा सगळा हिशेब मोडतो. माझं कॉन्सर्ट म्हणजे मध्यम आकाराचं, पितळेवर निकेलचा मुलामा दिलेलं वाद्य मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर काटा पावणेदोन किलोवर गेला. त्यात ते गुळगुळीत. मे महिन्यात घामेजलेल्या हाताखालून ते तेल लावलेल्या पैलवानासारखं निसटतं. माझ्या हातून एकदा निसटलंच, आणि फरशीवर आपटून मागच्या पत्र्याला आवळ्याएवढा पोचा पडला. तो अजून आहे. पट्टा बसवायचं त्याच संध्याकाळी ठरलं.

ताशेवाल्याला हे कुणी सांगावं लागत नाही. धातूचं भांडं गळ्यात अडकवायचं तर पट्टा हवा, आणि तो भांड्याला नेमका कुठे धरतो यावर मिरवणुकीचा अख्खा दिवस अवलंबून असतो. इथेही प्रश्न पट्ट्याचा कमी आणि तो कुठे धरणार याचा जास्त आहे.

बाजारात युकुलेलेसाठी जे बिनभोकाचे पट्टे मिळतात, त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे गळ्यात घालायचा आणि खालून आकडा आवाजाच्या भोकात अडकवायचा. लाकडी वाद्याला तो चालतो. पत्र्याच्या वाद्याला मधोमध गोल भोकच नसतं. वरच्या बाजूला जाळी तरी असते, नाहीतर व्हायोलिनसारखी इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची खाच. त्या पातळ कडेला आकडा लावून पावणेदोन किलो लटकवले तर कड वाकते, मुलामा खरवडतो आणि प्रत्येक झंकाराला आकडा किणकिणत राहतो. दुसरा प्रकार चिकटवायच्या बटणाचा, ज्यावर पट्ट्याचं टोक अडकतं. घाम, उकाडा आणि हे वजन, तिन्ही एकत्र आल्यावर तो डिंक किती दिवस टिकेल हे मी पाहायला गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका.

आत काय आहे

भोक पाडायच्या आधी पत्र्यामागे काय दडलंय ते कळायला हवं, म्हणून थोडा इतिहास. युकुलेले हवाईचं. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजानं होनोलुलूला आलेल्या लोकांमध्ये काही सुतार होते. त्यांच्याकडच्या माशेत नावाच्या छोट्या चार तारांच्या वाद्यातून ते घडलं. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत हवाई संगीताची लाट आली, आणि वाद्यवृंदात या नाजूक वाद्यांचा आवाज कुणाला ऐकूच जाईना. मायक्रोफोन-अँप्लिफायरचं युग अजून यायचं होतं. लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिरानं १९२७ च्या सुमारास तोडगा काढला: धातूचं अंग, आणि आत लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा अॅल्युमिनियमचा पातळ शंकू. तारा ज्या छोट्या आडव्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवरून तारांची थरथर थेट या शंकूत जाते. ‘नॅशनल’ नावाखाली आधी गिटारी आल्या आणि पाठोपाठ युकुलेले. याला रेझोनेटर म्हणतात. युकुलेलेमधला शंकू साधारण सहा इंचांचा असतो.

जुनी वाद्यं जर्मन सिल्व्हरची किंवा पितळेची असत. आपल्याकडे ‘जर्मलचं पातेलं’ म्हणजे अॅल्युमिनियमचं. हे जर्मन सिल्व्हर वेगळं. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, चांदी त्यात औषधालाही नाही. आजची बहुतेक वाद्यं मुलामा दिलेल्या पितळेची असतात, स्वस्तातली काही पोलादी.

पत्रा असतो साधारण एक मिलिमीटरचा. पाठ, पोट आणि कड डाख देऊन जोडलेली. पण तारांचा ताण एवढ्या पातळ डब्यावर सोपवून चालत नाही. चार तारांचा मिळून पंधरा-वीस किलोंचा ओढा असतो. म्हणून बहुतेक चांगल्या वाद्यांत मानेपासून निघालेली एक लाकडी काठी पोटातून आरपार जाते आणि थेट बुडाशी टेकते. तारा जिथे अडकवतात तो टेलपीस (सतारवाले ज्याला लंगोट म्हणतात) बुडाशी ज्या स्क्रूनं धरलेला असतो, तो स्क्रू पत्र्यातून जाऊन या काठीच्या टोकात रुतलेला असतो.

आपल्याला हवं ते लाकूड हेच. पत्र्यात फिरवलेला स्क्रू म्हणजे एक-दीड आट्याची पकड. वाद्य झुलतं, भोक ढिलं होतं, आणि एके दिवशी ते सुटतं. म्हणून या लेखात जिथे जिथे स्क्रू येईल तिथे त्याच्यामागे लाकूड आहे याची खात्री केलेली असेल. जिथे नसेल तिथे स्क्रूऐवजी नट-बोल्ट.

दहा मिनिटांची तपासणी

वाद्य पलंगावर टॉवेल पसरून ठेवा. एक लोहचुंबक घ्या, फ्रिजवरचा चालेल. अंगाला खटकन चिकटला तर पत्रा पोलादी, नाहीतर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. हे आत्ता का बघायचं ते पुढे कळेल.

मग मोबाइलचा दिवा एका जाळीतून किंवा खाचेतून आत पाडा आणि दुसऱ्या खाचेतून डोळा लावा. काठी दिसते का? दिसली तर ती बुडापर्यंत पोचते की मधेच संपते? काही स्वस्त वाद्यांत ती शंकूच्या आधीच थांबते आणि बुडाशी नुसता लाकडाचा ठोकळा चिकटवलेला असतो, किंवा तोही नसतो. जाळी दाट असेल तर बाहेरून बोटाच्या पेरानं बुडाशी टकटक करा. पोकळ भागात टणटण ऐकू येते, मागे लाकूड असेल तिथे आवाज मंद आणि भरीव. रिकामा हंडा आणि भरलेला हंडा ओळखतो तसंच.

बुडाचा स्क्रू आत्ता काढू नका. तारा ताणलेल्या असताना तो काढला की टेलपीस उडून समोरच्या पत्र्यावर आपटेल.

शेवटी मानेची टाच पाहा, म्हणजे मान जिथे अंगाला मिळते तिथला जाड भाग. ती लाकडी असते, पण युकुलेलेची टाच फार लहान. पट्टी लावून तिची जाडी आणि खोली लिहून ठेवा. माझ्या वाद्याची टाच सर्वांत जाड जागी २८ मिलिमीटर खोल भरली.

वाद्य खरोखर १९२०-३० च्या दशकातलं असेल, वारशानं आलेलं किंवा परदेशातून आणलेलं, तर ड्रिलला हातही लावू नका. जुन्या वाद्यात एक नवं भोक पाडलं की त्याची किंमत कायमची उतरते. तुमच्यासाठी खालचा चामड्याच्या वादीचा उपाय आहे.

पायजम्याच्या नाडीची चाचणी

पट्टा विकत घ्यायच्या आधी, भोक पाडायच्या कितीतरी आधी, घरातली एक सुती नाडी घ्या. तिचं एक टोक टेलपीसभोवती अडकवा. दुसरं टोक आधी डोक्याशी, मानेच्या टोकाला बांधा. नाडी उजव्या काखेखालून, पाठीवरून, डाव्या खांद्यावर घ्या आणि आरशासमोर उभं राहा. खाली पलंग असू द्या.

आता पाच मिनिटं वाजवा. मग नाडीचं तेच टोक टाचेभोवती गुंडाळून पुन्हा पाच मिनिटं. दोन्हींतला फरक अंगाला कळतो. डोक्याशी बांधलं की वाद्य जास्त आडवं राहतं आणि पट्टा डाव्या हाताच्या वाटेत येतो. टाचेशी बांधलं की डावा हात मोकळा, पण वाद्य छातीशी थोडं जास्त सैल. लाकडी गिटारीची मान खाली झुकते अशी तक्रार ऐकू येते, ती इथे सहसा नसते. सगळं वजन अंगात आहे, त्यामुळे बूडच खाली बसू पाहतं.

वाद्य जिथे बरं वाटलं (माझं बेंबीच्या वर चार बोटं) तिथे नाडीला गाठ मारून लांबी मोजा. नंतर पट्टा कापताना हेच माप लागेल. माझी नाडी ११२ सेंटिमीटर भरली.

भोक न पाडता: बुडाचा स्क्रू आणि तबल्याची वादी

बुडाशी टेलपीस धरणारा स्क्रू आधीच आहे आणि तो लाकडात गेलेला आहे. मग नवं भोक कशाला? तोच स्क्रू काढून त्या जागी पट्ट्याचं बटण बसवायचं. वरचं टोक डोक्याशी वादीनं बांधायचं. वाद्याला एकही नवा ओरखडा नाही.

धोका एकाच ठिकाणी आहे, आणि तो कुणी आधी सांगत नाही. आतला शंकू कशालाही चिकटवलेला नसतो. तो नुसता कडेवर ठेवलेला असतो आणि तारांचा दाब त्याला जागेवर धरतो. शंकूच्या मधोमध लाकडाची चकती आणि त्यात घोडी. सगळ्या तारा सैल केल्या की हा सगळा प्रपंच मोकळा होतो. अशा वेळी वाद्य उचलून उलटं केलं तर शंकू सरकतो, घोडी फिरते आणि नंतर मानेवरच्या बाराव्या पडद्यावर सूर जुळत नाही.

तेव्हा क्रम असा. वाद्य टेबलावर पाठीवर झोपवा, खाली टॉवेल, आणि बूड टेबलाच्या कडेबाहेर दोन इंच येऊ द्या. अटीपासून (डोक्याशी तारा जिच्यावरून जातात ती खाचांची पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत आणि बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत अशी दोन्ही मापं पहिल्या आणि चौथ्या तारेखाली घेऊन कागदावर लिहा. दोन्ही जवळपास सारखी असतात, दुसरं केसभर जास्त. घोडीवर धातूचं झाकण असेल तर पट्टी त्याच्या फटीतून घालावी लागते, थोडी कसरत आहे. आता चारही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीनं सैल करा. एक तार पूर्ण उतरवून मग दुसरी, असं नको. टेलपीस हाताला हलू लागला की थांबा. तारा काढू नका. इथून पुढे वाद्य टेबलावरून उचलायचं नाही.

बुडाचा स्क्रू काढा आणि नव्या बटणाच्या स्क्रूशेजारी ठेवा. जाडी तीच हवी. लांबीचं गणित करा: माझा जुना स्क्रू २० मिलिमीटरचा होता. नवं बटण १२ मिलिमीटर उंच, त्यात स्क्रूचं डोकं ३ मिलिमीटर खाली बसतं, म्हणजे बटणानं स्क्रूची ९ मिलिमीटर लांबी खाल्ली. २० आणि ९ मिळून २९. मी ३० चा घेतला. बटणासोबत आलेला स्क्रू २५ चा होता. तो लावला असता तर लाकडातली पकड चार मिलिमीटरनं घटली असती, आणि हे बाहेरून कधीच दिसलं नसतं. पुण्यात असाल तर बोहरी आळीत सुटे स्क्रू मिळतात. जुना स्क्रू खिशात घालून जा, तोंडी वर्णनावर दुकानदार आणि आपण दोघंही चुकतो.

बटण आणि टेलपीस यांच्यामध्ये फेल्टचा किंवा पातळ चामड्याचा वायसर घाला. धातू धातूला लागला की खरखर. तंबोऱ्याला जवारी शोभते, बुडाच्या स्क्रूला नाही. मग स्क्रू हातानं फिरवा, मशीननं नको. पहिले दोन फेरे उलटे, म्हणजे डावीकडे, फिरवत न्या. जुन्या आट्यात बसताना हलकासा ‘टक’ जाणवतो, तिथून उजवीकडे. असं केलं की स्क्रू लाकडात दुसरे आटे पाडत नाही.

स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला तर भोक ढिलं झालं आहे. आगकाडीचं लाकूड (गूल काढून) किंवा बांबूची काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, बाहेर आलेली तोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू लावा. पुन्हा ढिला होणार नाही.

तारा चढवताना परत आळीपाळीनं. पूर्ण सुरात आणायच्या आधी कागदावरची मापं ताडून पाहा. घोडी सरकली असेल तर तारा पुन्हा थोड्या सैल करून तिला लाकडी काडीनं हलकेच ढकला. स्क्रूड्रायव्हरनं ढकलू नका, निसटला तर शंकूला भोक पडेल.

आता डोक्याची बाजू. इथे तबल्याची वादी वापरायची कल्पना माझी नाही, ओळखीच्या एका तबलजीची. चामड्याची पातळ, साधारण ५ मिलिमीटर रुंदीची, हातभर वादी घ्या. अटी आणि पहिल्या खुंट्या यांच्यामधल्या जागेत, तारांच्या खालून ती पलीकडे काढा, मानेमागे दोन्ही टोकं आणा आणि पट्ट्याच्या भोकातून ओवून निरगाठ मारा. सुरगाठ मारलीत तर तिसऱ्या गाण्याला ती सुटणार. वादी तारांना खालून उचलत नाही ना, ते प्रत्येक तार छेडून पाहा. तार अटीवरून किंचितही उचलली गेली तर आवाज बसतो. वादी जाड असेल तर मोच्याकडून रापीनं तासून घ्या.

पहिल्या पडद्यावर अंगठा वादीला लागतो, हे खरं. मला ते सहन झालं नाही, पण तसंच वाजवणारे पुष्कळ आहेत.

टाचेवर बटण

वाद्य नवं असेल, तुमचंच असेल आणि ते विकायचं नसेल, तर टाचेवर बटण हाच टिकाऊ मार्ग. पण टाचेच्या कुठल्या बाजूला?

मी पहिल्यांदा ते टाचेच्या पाठीवर, मधोमध लावलं. देखणं दिसत होतं. पट्टा अडकवून उभा राहिलो आणि वाद्याचं तोंड जमिनीकडे वळलं. धातूच्या वाद्याचं वजन बटणाच्या पुढे असतं, ते खाली जाऊ पाहतं, आणि आपण सारखं तोंड वर वळवत बसतो. वरच्या बाजूला, म्हणजे आपल्या हनुवटीकडे लावलं तर तोंड सरळ राहतं, पण तिथे पट्ट्याचा ओढा बटणाच्या नेमका रेषेत वरच्या दिशेनं लागतो आणि पट्टा बटणावरून सुटून येतो. राहिली खालची बाजू, जमिनीकडची, ए तारेच्या अंगाची. पट्टा तिथून टाचेला मागून वळसा घालून खांद्यावर जातो. ओढा बटणाला आडवा लागतो म्हणून सुटत नाही, आणि वळशामुळे वाद्य छातीकडे ओढलं जातं. बटण पडद्यांच्या पट्टीपासून शक्य तितकं लांब, टाचेच्या मागच्या कडेकडे ठेवा, म्हणजे वरचे पडदे वाजवताना तळवा त्यावर आपटणार नाही. कडेपासून किमान ८ मिलिमीटर आत मात्र राहा, नाहीतर लाकूड फाटेल. पत्रा आणि लाकूड जिथे मिळतात त्या सांध्यापासूनही तेवढंच दूर.

सामान फार नाही. बटण, साधारण ३ मिलिमीटर जाडीचा स्क्रू, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, २ मिलिमीटरचं बिट, चिकटपट्टी, पेन्सिल, मेणबत्तीचा तुकडा. मशीनचं ड्रिल चालेल, पण वेग सर्वांत कमी ठेवा.

स्क्रूची लांबी टाचेच्या मापावरून ठरवा. तो लाकडात १५ मिलिमीटरच्या आसपास जावा आणि टाचेच्या दुसऱ्या बाजूपासून निदान ८ मिलिमीटर आधी थांबावा. भोकाची जाडी स्क्रूच्या आट्यांची नव्हे, गाभ्याची. बिट स्क्रूच्या पुढ्यात धरून उजेडात पाहा: बिटाच्या मागे गाभा झाकला गेला आणि आटे दोन्ही बाजूंनी डोकावत असले, तर बिट बरोबर.

जागेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर पेन्सिलीनं खूण करा, खिळ्याच्या टोकानं हलकासा खड्डा. पट्टीमुळे पॉलिश उचकटत नाही. बिटाला भोकाच्या खोलीइतक्या अंतरावर चिकटपट्टीचा झेंडा गुंडाळा. झेंडा लाकडाला टेकला की थांबायचं. दुसऱ्या कुणाला तरी समोर बसवून बिट सरळ आहे का ते बघायला सांगा. स्वतःला एकाच बाजूचं कळतं. मधेच बिट अचानक अडलं, चकाकता कीस आला, तर तत्काळ थांबा. काही वाद्यांत मान आणि काठी जोडणारा स्क्रू टाचेच्या आत असतो. जोर लावला तर बिट मोडेल आणि तिथेच राहील. जागा बदला.

भोक झालं की स्क्रूच्या आट्यांना मेण घासा. तो लोण्यात गेल्यासारखा जातो. पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पूर्ण फिरवून काढा आणि मग पितळी लावा. पितळ मऊ असतं, पहिल्याच फेऱ्यात डोकं तुटून हातात येतं. हा धडा मी टाचेवर नव्हे, देवघराच्या बिजागरीवर शिकलो होतो, तो इथे उपयोगी पडला.

बटणाखाली फेल्टचा वायसर, आणि स्क्रू बेताचा घट्ट. वायसर चपटा होऊन बाहेर फुगायला लागला की पुरे.

बुडाशी लाकूडच नसेल तर

हे काम मी स्वतःच्या वाद्यावर केलेलं नाही, एका मित्राच्या स्वस्तातल्या वाद्यावर दोघांनी मिळून केलं. त्याच्या बुडाच्या पत्र्यात आधीच्या कुणीतरी नुसता पत्र्याचा स्क्रू फिरवून बटण लावलं होतं. ते दोन महिन्यांत सुटलं, आणि भोक अंडाकृती झालं.

इथे नट-बोल्ट. तारा, टेलपीस, समोरची चकचकीत झाकणी आणि शंकू सगळं काढावं लागतं. शंकू कडेनं धरा, मधे बोट लावू नका, आणि उशीवर ठेवा. आतून सागाच्या किंवा प्लायवूडच्या १० मिलिमीटर जाड तुकड्याला पॉलिश पेपरनं पत्र्याच्या वळणाचा आकार द्या. बाहेरून ४ मिलिमीटरचा बोल्ट बटणातून, पत्र्यातून, तुकड्यातून आत. आत रुपयाएवढा मोठा वायसर आणि नायलॉनची कडी असलेला नट. तो थरथरीनं सुटत नाही. वजन आता एका भोकावर नाही, सगळ्या तुकड्यावर पसरलं.

पितळेला भोक पाडताना नवं, धारदार बिट एकदम आत घुसतं, पत्र्याला पकडतं आणि सगळं वाद्य गरकन फिरवतं. म्हणून बिटाच्या दोन्ही धारांवर दगड किंचित फिरवून त्या बोथट करा, २ मिलिमीटरपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं वाढवा, आतून लाकडाचा आधार द्या आणि वाद्य शिकंज्यात कापड घालून पकडा किंवा दुसऱ्याला घट्ट धरायला सांगा. डोळ्यांवर चष्मा हवाच. भोकाची धार गोल कानशीनं मोडा.

मघाच्या चुंबकाचं काम आता. पोलादाचा कीस चुंबकानं गोळा होतो, पितळेचा होत नाही. तो आत राहिला तर पुढची कित्येक वर्षं कुठल्यातरी एका सुरावर चिरचिरत राहतो. व्हॅक्यूम क्लीनर लावा, मग चिकटपट्टी उलटी करून आतून फिरवा, मग पुन्हा व्हॅक्यूम. कापल्या कडेला रंगहीन नेलपॉलिशचा एक हात द्या, उघडं पितळ हिरवं पडणार नाही.

ड्रिलची सवय नसेल तर हे काम कारागिराकडूनच करून घ्या. पण त्याच्यासमोर बसा आणि बुडाला डाख देऊन काही चिकटवू देऊ नका. त्या आचेनं शेजारचे मूळ सांधे सुटू शकतात.

पट्टा

रुंदी तीन सेंटिमीटरच्या आसपास. गिटारीचा पट्टा पाच सेंटिमीटरचा असतो, छोट्या टाचेशी तो गोळा होतो. मागच्या बाजूला धातूचं बकल वाद्याला लागतं का ते आधी पाहा. लागत असेल तर मुलाम्यावर रेघा पडणार. माझा पट्टा कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं सुरुवातीला कडक असतं आणि महिनाभरात खांद्याचा आकार घेतं. मोच्याकडून दोन्ही टोकांना बटणाच्या मानेएवढं भोक आणि त्यापासून एक सेंटिमीटरची चीर पाडून घ्या. बटणावरून पट्टा चढवताना दम लागला पाहिजे. सहज चढला तर सहज उतरेल.

पट्टा सुटू नये म्हणून काहीजण बटणावर रबराची चकती घालतात. पितळेवर ती नको. रबरातल्या गंधकानं पितळ काळं पडतं. जुन्या चपलेच्या चामड्याची गोल चकती तेच काम करते.

पहिला दिवस

पलंगावर उभं राहून पट्टा अडकवा, हात खाली ठेवून वाद्य हळूहळू सोडा, मग हलकेच उड्या मारल्यासारखं करा. घरचे हसतील, हसू द्या. मग प्रत्येक तार मोकळी आणि पाचव्या पडद्यावर दाबून वाजवा. कुठे खरखर आली तर एकेका बटणावर बोट दाबून ठेवा. ज्यावर बोट ठेवल्यावर खरखर थांबते, तिथला वायसर कमी पडतोय. दोन आठवड्यांनी दोन्ही स्क्रू पाव फेरा फिरवून बघा. फेल्ट दबतो, स्क्रू सैल होतो.

पावसाळ्यात पट्टा वाद्यावर राहू देऊ नका. ओलसर चामडं पितळेला टेकून राहिलं की हिरवा डाग पडतो, आणि तो काढायला चिंच किंवा भांड्याची पावडर घेतलीत तर डागासोबत निकेलही जाईल. मऊ कोरडं कापड, बस. आणि वाद्याची केस बंद करायच्या आधी एकदा रिकामी पाहा: टाचेवरचं नवं बटण आतल्या गादीवर दाबतं आणि झाकण बसत नाही. माझ्या केसमध्ये मी कटरनं बटणाच्या जागी अंगठ्याएवढी खाच पाडली आणि तिला जुन्या मखमलीचा तुकडा चिकटवला.